वाचक विचारतात: गावं ओस का पडतात, शहरं तुंबतात का?

मानवी वस्ती या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही, त्यामुळे सारखे असलेले एकत्र केलेत आणि काही थोडे छोटे केलेत. उत्तरं मात्र छोटी ठेवता आली नाहीत, कारण यातल्या बऱ्याच प्रश्नांमागे एकच गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं: घरं एकमेकांपासून किती लांब आहेत यावर शाळा, दवाखाना, पाणी, बस या सगळ्याचा खर्च ठरतो आणि तो कुणी उचलायचा यावरून गावाचे पण आणि शहराचे पण हाल होतात.

प्रश्न: मी शाळेत भूगोल शिकवते. केंद्रित वस्ती, विखुरलेली वस्ती, रेषाकृती वस्ती हे प्रकार मुलांचे पाठ असतात आणि कारण विचारलं की "पाणी, जमीन, सुरक्षितता" असं एका दमात सांगतात. पण एका मुलीनं विचारलं की जमीन सपाट आहे, पाणी सगळीकडे सारखंच आहे, तरी एका देशात घरं घोळक्यानं आणि दुसऱ्या देशात एकेक लांब लांब, असं का? तिला काय सांगू?

त्या मुलीचं आधी कौतुक करा, कारण पुस्तकातल्या त्या यादीत जे कारण सहसा नसतं ते तिनं बरोबर पकडलंय. ते म्हणजे जमिनीचा कायदा. पाणी आणि सुरक्षितता खरीच आहेत, त्यांची उदाहरणं हवी तेवढी मिळतील. उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर समुद्राचे बांध नव्हते तेव्हा लोकांनी मातीचे उंचवटे रचले आणि त्यावर दाटीनं घरं बांधली, कारण कोरडी जागा तेवढीच होती. इटलीतल्या सिसिली बेटावर शेतकरी हजारोंच्या वस्तीच्या मोठ्या गावात राहायचे आणि रोज लांबच्या शेतावर जायचे, त्यामागे खालच्या सखल भागातला मलेरिया होता, लूटमारीची भीती होती आणि मोठ्या जमीनदारांची मालकीसुद्धा होती.

पण आता अमेरिका बघा. १७८५ साली तिथं जमीन मोजायची पद्धत ठरली, सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात एक मैलाचे ३६ तुकडे. मग १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला १६० एकर मिळायला लागली, म्हणजे अशा एका तुकड्याचा पाव भाग, आणि अट अशी की त्याच जमिनीवर पाच वर्षं राहायचं आणि ती कसायची. आता गणित मुलांनाच फळ्यावर करायला लावा, १६० एकराच्या चौकोनाची बाजू अर्धा मैल येते, म्हणजे शेजाऱ्याचं घर साधारण अर्ध्या मैलावर. गावात एकत्र राहून शेतावर जायची सोयच कायद्यानं ठेवली नाही. म्हणून मग तिथं शेकडो मैल विखुरलेली घरं दिसतात, त्यात नदी-डोंगराचा संबंध फार कमी.

त्याच खंडात कॅनडातल्या क्यूबेकला गेलात तर सगळं वेगळं. तिथं फ्रेंच काळात जमीन नदीपासून आत जाणाऱ्या लांबट पट्ट्यांत वाटली गेली, रुंदी साधारण पावणेदोनशे मीटर आणि लांबी त्याच्या दहापट, कारण नदी हाच रस्ता होता आणि प्रत्येकाला काठ हवा होता. घर काठाजवळ बांधायचं, मग पट्टा अरुंद असल्यामुळे शेजारी आपोआप जवळ आला आणि सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं घरांची एकच ओळ लागली. काठ संपल्यावर मागे रस्ता आखून दुसरी ओळ. रेषाकृती वस्तीचं यापेक्षा साफ उदाहरण मला माहीत नाही.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण डेन्मार्क-स्वीडनचं, कारण तिथं केंद्रित वस्ती मुद्दाम फोडली गेली. आधी गावं एकत्र होती आणि प्रत्येकाची शेती बारीक बारीक पट्ट्यांत गावभर पसरलेली. १७८१ च्या डॅनिश कायद्यानं आणि १८२७ च्या स्वीडिश कायद्यानं ती एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन द्यायचं ठरलं. मग ज्याची जमीन लांब गेली त्याचं घर पण लांब गेलं, स्वीडनमध्ये तर लाकडी घरं उकलून नव्या जागी नेऊन पुन्हा उभी केली. पण डेन्मार्कात काही गावांनी जमिनीचे तुकडे गावाच्या मधोमध टोक येईल असे ताऱ्यासारखे पाडून घेतले, त्यामुळे घरं जिथल्या तिथं राहिली आणि शेत मात्र दाराशी सुरू झालं. एकच कायदा, एकच माती, पण रेघ कशी मारली यावर गाव टिकलं किंवा विखुरलं. मुलांना कागदावर दोन्ही आकृत्या काढायला सांगा, लगेच कळतं.

प्रश्न: जगातले अर्ध्याहून जास्त लोक शहरात राहतात असं सगळीकडे वाचतो. पण शहर म्हणायचं कशाला, हे कोण ठरवतं?

आतापर्यंत प्रत्येक देश स्वतःचं स्वतः ठरवत आला आणि म्हणून घोळ होता. डेन्मार्कात सलग घरांमध्ये २०० लोक असले तरी शहरी वस्ती धरतात आणि जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला ५० हजार लागतात. भारतात जनगणनेला तीन अटी आहेत, ५ हजार लोक, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचे. अमेरिकेनं २०२० च्या जनगणनेसाठी आपली मर्यादा अडीच हजारावरून ५ हजारावर नेली, म्हणजे काही ठिकाणं एका रात्रीत ग्रामीण झाली, तिथं वीट पण हलली नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजात ५५ टक्के लोक शहरी होते, ते याच वेगवेगळ्या व्याख्यांची बेरीज करून. नंतर २०२० मध्ये एक सामायिक पद्धत मान्य झाली, जमिनीवर एक किलोमीटरचे चौकोन कल्पायचे आणि मोजायचं. सलग चौकोनांत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोक आणि एकूण किमान ५० हजार असतील तर शहर, किमान ३०० ची घनता आणि एकूण ५ हजार असतील तर निमशहर, बाकी ग्रामीण. २०२५ च्या अहवालात हीच पद्धत वापरली तेव्हा जकार्ता साधारण ४.२ कोटी लोकांसह जगातलं सगळ्यात मोठं शहर निघालं, २०१८ च्या यादीत पहिलं असलेलं टोकियो मागे गेलं. तेवढ्यात जकार्तात कोट्यवधी लोक येऊन राहिले असं नाही, ते आधीपासून तिथंच होते, फक्त महानगराच्या हद्दीबाहेर सलग राहत होते म्हणून मोजले जात नव्हते.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मोजलं नाही की बजेट पण येत नाही. याचा त्रास कुणाला होतो ते शेवटच्या प्रश्नात आलंय.

प्रश्न: गावातली तरुण मुलं निघून जातात, मग पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होते, शाळा बंद झाली की उरलेली कुटुंबं पण जातात. हे चक्र कुठं थांबवता येतं का? जगात कुणाला जमलंय?

पूर्णपणे कुणालाच नाही, पण चक्र कुठून सुरू होतं ते नीट बघितलं तर वेग कमी करता येतो. वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांचा अभ्यास करून मांडलं होतं की प्रत्येक सेवेला टिकायला ठरावीक गिऱ्हाईक लागतं आणि त्या सेवेसाठी लोक ठरावीक अंतरच जातात. किराणा दुकान थोड्या घरांवर चालतं, हायस्कूलला जास्त लागतात, मोठ्या हॉस्पिटलला तर आख्खा जिल्हा लागतो. आता लोकसंख्या कमी व्हायला लागली की सगळ्यात आधी तीच सेवा पडते जी आधीच काठावर चाललेली असते, आणि ती पडली की तिच्यावर अवलंबून असलेली घरं जातात, मग त्याखालची सेवा काठावर येते. म्हणून शाळा बंद झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ फार कमी, जे काही करायचं ते शाळा काठावर आहे तेव्हा.

घरं स्वस्त देऊन लोक येतील का? इटलीत हे करून बघितलंय, सिसिलीतल्या सालेमीनं २००८ मध्ये पडकी घरं एक युरोत द्यायची कल्पना मांडली आणि नंतर बऱ्याच गावांनी ती उचलली. एक युरो हा फक्त कागदावरचा आकडा, खरी अट म्हणजे ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांत, घर दुरुस्त करून दाखवायचं आणि आधी अनामत भरायची. त्यानं पडझड थांबते, गवंडी-सुतारांना काम मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घर घेणाऱ्यातले बरेच जण सुट्टीपुरते येतात आणि सुट्टीपुरतं आलेलं कुटुंब शाळेच्या पटावर नसतं.

जपानमध्ये तर घरं मिळण्याचा प्रश्नच नाही, २०२३ च्या सरकारी पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली बरीच पडायला आलीत तरी मालक पाडत नाहीत, कारण छोट्या प्लॉटवर घर उभं असेल तर जमिनीवरचा कर एक षष्ठांश मूल्यावर लागतो, घर पाडलं की ती सवलत गेली. घरटंचाईच्या काळातला नियम ओस गावांना असा अडकवतो.

मला सगळ्यात पटलेला रस्ता ऑस्ट्रेलियाचा आहे. तिथल्या आतल्या भागात घरं इतकी लांब लांब की एका डॉक्टराला पुरेल एवढी वस्ती एका जागी कधी होणारच नव्हती. मग १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून डॉक्टर विमानानं जायला लागले आणि पुढच्याच वर्षी पायडल मारून वीज तयार करणारा रेडिओ आला, म्हणजे घरात वीज नसली तरी बाई पायानं पायडल मारत डॉक्टरांशी बोलू शकत होती. १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून त्याच रेडिओवर शाळा सुरू झाली. माणसं गोळा होत नाहीत तर सेवाच हलती ठेवायची, हा विचार आज इंटरनेटच्या काळात तर अजून सोपा व्हायला हवा, पण त्यासाठी आधी केबल किंवा टॉवर त्या शेवटच्या घरापर्यंत न्यावा लागतो आणि खासगी कंपनीला तिथं फायदा नसतो, त्यामुळे हे काम सरकारी पैशातूनच होणार.

अजून एक गोष्ट, आवाज. स्पेनमधला तेरुएल प्रांत, चौरस किलोमीटरला जेमतेम ९ माणसं, त्यांच्याकडे कोण बघणार? तिथल्या लोकांनी १९९९ पासून चळवळ चालवली, ३१ मार्च २०१९ ला ओस पडत चाललेल्या भागांतले हजारो लोक माद्रिदच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत तेरुएलनं या चळवळीचा एक खासदार संसदेत पाठवला. रेल्वे, डॉक्टर, इंटरनेट या मागण्या त्यानंतर राष्ट्रीय चर्चेत आल्या.

प्रश्न: मग विखुरलेली घरं सरळ एका जागी आणून वसवली तर? पाणी, वीज, शाळा सगळं एका जागी देता येईल, खर्च वाचेल.

हिशोबात बरोबर आहे आणि म्हणूनच ही कल्पना धोकादायक आहे, कागदावर तिच्यात काही चूक दिसतच नाही.

टांझानियात हे देशभर केलं गेलं. राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचं सरकार, हेतू खरोखर चांगला होता, लोकांना शाळा, दवाखाना, स्वच्छ पाणी द्यायचं होतं. सुरुवातीला स्वेच्छेनं, पण १९७३ मध्ये गावात राहायला येणं सक्तीचं झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लाखो लोकांना हलवलं. गावं बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेनं आखली, अधिकाऱ्यांना गाडीनं पोचता यावं म्हणून. पण रस्ता तिथं चांगली माती असेलच असं थोडंच आहे. ज्या शेतकऱ्याला आपल्या जुन्या रानातला प्रत्येक उतार माहीत होता, पहिल्या पावसाला कुठं पेरायचं आणि कुठं थांबायचं हे माहीत होतं, त्याला अनोळखी जमिनीवर उभं केलं. जुनं शेत लांब पडलं, राखण होईना, जनावरं एका जागी दाटली, जळणासाठी आसपासची झाडं लवकर संपली. काही वस्त्यांत शाळा खरंच आल्या, साक्षरता वाढली हे पण सांगायला हवं. पण अन्नधान्याचं उत्पादन कोसळलं, त्यात दुष्काळ पण होता, आणि बाहेरून धान्य आणावं लागलं.

याच्या उलट जपानमधलं युबारी बघा. होक्काइदोमधलं कोळशाचं शहर, १९६० च्या सुमारास १ लाख १७ हजारांच्या आसपास लोक, खाणी एकेक करून बंद झाल्या, शहराच्या डोक्यावर एवढं कर्ज झालं की २००७ मध्ये पालिका दिवाळखोरीत गेली, आणि २०२० मध्ये लोकसंख्या साडेसात हजारांच्या आत. वस्ती मात्र जुन्या खाणींच्या दऱ्यांमध्ये लांबच लांब पसरलेली, म्हणजे लोक कमी झाले तरी बर्फ काढायचे रस्ते आणि पाण्याचे पाइप तेवढेच. तिथं पण एकत्र आणायचं ठरलं, पण आधी त्याच वस्तीतल्या अर्ध्या रिकाम्या इमारतींमधून लोकांना त्याच भागातल्या एका इमारतीत आणलं, म्हणजे शेजारी तेच राहिले, आणि मग हळूहळू मधल्या भागात नवी घरं बांधली. रेल्वेच्या फाट्याबद्दल तर पालिकेनंच पुढाकार घेतला, तुम्ही ही लाइन बंद करा पण बदल्यात बससेवेला मदत द्या, असं कंपनीला सांगितलं. २०१९ ला रेल्वे बंद झाली आणि बसच्या फेऱ्या रेल्वेपेक्षा जास्त मिळाल्या. गाव वाचलं असं मी म्हणणार नाही, लोकसंख्या कमी होतेच आहे. पण म्हातारी माणसं शेजाऱ्यांसकट हलली, बसचा थांबा जवळ आला.

तेव्हा माझं उत्तर असं, की एकत्र आणायचंच असेल तर आधी विचारा की ही माणसं पोट कशावर भरतात. पोट जमिनीवर असेल तर घर शेतापासून तोडू नका, सेवा घरापर्यंत न्या. पोट पेन्शनवर किंवा नोकरीवर असेल तर एकत्र येणं सोयीचं होऊ शकतं, पण तेही त्यांना पटलं तरच.

प्रश्न: गावात राहणं चांगलं का शहरात?

ज्याच्या घरात आत्ता आजारी माणूस आहे त्याला हॉस्पिटल जवळ हवं, ज्याची रोजी शेतात आहे त्याला शेत जवळ हवं. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही वेळा येतात. त्यामुळे या प्रश्नावर भांडण्यापेक्षा दोन्हीकडे जाता-येता येईल अशी बस असणं मला जास्त गरजेचं वाटतं.

प्रश्न: शहरात रस्ता रुंद केला, फ्लायओव्हर बांधला तरी दोन-तीन वर्षांत ट्रॅफिक पुन्हा तेवढंच. असं का होतं?

रस्ता मोकळा झाला की तो वापरणारे वाढतात. आधी जे बसनं जायचे, जे गर्दी टाळून उशिरा निघायचे ते आता गाडी काढतात, आणि मुख्य म्हणजे लोक शहराबाहेर लांब घर घ्यायला लागतात कारण "अर्ध्या तासात पोचतो" असं वाटतं. म्हणजे रस्ता वस्तीचा आकारच बदलतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळी लागणारा वेळ पुन्हा वाढला.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमनं दुसरं केलं, २००६ मध्ये शहराच्या मधल्या भागात गाडी नेण्यावर शुल्क लावून सात महिने फक्त चाचणी घेतली, सोबत बस वाढवल्या, ट्रॅफिक साधारण २० टक्क्यांनी कमी झालं, मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ मध्ये ते कायम केलं. आधी विरोध करणारे पण रस्ता मोकळा बघून बदलले. ब्राझीलमधल्या कुरितिबानं तर त्याही आधी, १९७४ पासून, बससाठी वेगळे मार्ग ठेवले आणि उंच इमारतींना परवानगी त्याच मार्गांच्या कडेनं दिली, म्हणजे जिथं बस तिथं माणसं. बस आणि घर यांचं प्लॅनिंग एकाच टेबलावर झालं ना, तर निम्मं काम तिथंच होतं.

प्रश्न: एकाच शहरात उन्हाळ्यात पाण्याची बोंब आणि पावसाळ्यात घरात पाणी, हे कसं काय?

कारण दोन्ही एकाच गोष्टीतून येतं, पाणी जमिनीत मुरायची जागा आपण झाकून टाकली. माती उघडी असते तेव्हा पावसाचा बराच भाग मुरतो, डांबर आणि काँक्रीट झालं की जवळपास सगळाच वाहतो, तोही लगेच, आणि जुने नाले तेवढ्या वेगासाठी बांधलेले नसतात. मग खाली पाणी जात नाही आणि वर मात्र बोअरवेलनं उपसा चालूच.

मेक्सिको सिटी हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. मुळात सरोवरातलं शहर, स्पॅनिश लोकांनी १६०७ पासून ते पाणी बाहेर काढायला सुरुवात केली, तरी १६२९ ला पूर आला आणि शहर पाच वर्षं पाण्यात होतं. नंतर सरोवर गेलं, राहिली मऊ चिकणमाती, तिच्याखालून पाणी उपसलं की ती आकसते आणि वरचं शहर खचतं, काही भागांत वर्षाला जवळपास अर्धा मीटर. शहर खचलं की ड्रेनेजचा उतार उलटा होतो, मग सांडपाणी पंपानं वर चढवून बाहेर टाकावं लागतं, आणि जमीन हलल्यानं पाण्याचे पाइप फुटतात ते वेगळंच.

केपटाऊनला सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला तेव्हा फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर एवढीच मर्यादा घातली होती, नळ बंद व्हायची तारीख सुद्धा जाहीर झाली होती. लोकांनी वापर खरोखर कमी केला आणि ती वेळ टळली. पण झोपडवस्तीतली कुटुंबं तर सार्वजनिक नळावर आधीपासूनच त्याहून कमी पाण्यात दिवस काढत होती, हे त्या सगळ्या धावपळीत फार कमी बोललं गेलं.

प्रश्न: झोपडपट्ट्या नाल्याच्या काठावर, डोंगर उतारावरच का वाढतात? आणि हटवल्या तरी पुन्हा दुसरीकडे का दिसतात?

कारण तीच जागा कामाजवळची आणि बाजारात किंमत नसलेली असते. रोजचं काम रोज मिळवणाऱ्याला लांब पक्कं घर दिलं तर जाण्यायेण्यात मजुरी जाते, मग तो घर सोडून परत कामाजवळ येतो. जगात १०० कोटींहून जास्त लोक अशा वस्त्यांत राहतात, त्यांना हटवून कुठं ठेवणार?

कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्तीला रोपवेनं थेट मेट्रोशी जोडलं, मेट्रोच्याच तिकिटात, आणि २०११ मध्ये एका चढावरच्या वस्तीत रस्त्यावर सरकते जिने बसवले. घरं तिथंच राहिली, शहर त्यांच्यापर्यंत गेलं. थायलंडनं २००३ पासून वस्तीतल्या लोकांनी बचतगट करायचा, सरकारनं त्या गटाला कर्ज द्यायचं आणि जागेचं भाडं किंवा खरेदी गटानंच ठरवायची असा कार्यक्रम चालवला. कागद नावावर किंवा गटाच्या नावावर झाला की माणूस पत्रा काढून वीट लावतो, त्याला सांगावं लागत नाही. नाल्याच्या अगदी कडेला किंवा घसरत्या उतारावर असेल तर हलवावंच लागतं, पण मग त्याच भागात.

प्रश्न: गावाला शहर येऊन चिकटलं की कुणीच वाली राहत नाही. कचरा ग्रामपंचायतीला झेपत नाही, महापालिका म्हणते आमची हद्द नाही. शेतांचे प्लॉट पडतायत, रस्ते बोळांसारखे होतायत. करायचं काय?

हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण सगळ्यात जास्त वेगानं बदलतंय ते हेच ठिकाण आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं ते पण याच्यावरच. भारतात २००१ च्या जनगणनेत १,३६२ ठिकाणं अशी होती जी व्याख्येनं शहर पण कारभारानं गाव, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. विहीर आणि सेप्टिक टँक एकाच प्लॉटवर शेजारी शेजारी, हे अशा ठिकाणी सर्रास दिसतं, आणि घरं विरळ होती तोवर चालून गेलं ते दाटी झाल्यावर आजाराचं कारण होतं.

घरं उभी राहिल्यावर रस्ता रुंद करणं जवळपास अशक्य, म्हणून रस्ता आधी. न्यूयॉर्कनं १८११ मध्ये मॅनहॅटनचे रस्ते १५५ व्या रस्त्यापर्यंत कागदावर आखले तेव्हा गावाची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती आणि वर सगळी शेतंच होती. पण तिथंही जमिनी संपादन कराव्या लागल्या, आणि छोट्या पंचायतीकडे तेवढा पैसा नसतो.

त्यासाठी दुसरी पद्धत आहे, जमीन एकत्रीकरणाची. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये असा कायदा झाला, जपानमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आहे, गुजरातमध्ये आजही जोरात चालते. होतं असं की त्या भागातले सगळे मालक आपली जमीन एका योजनेत टाकतात, वाकडेतिकडे तुकडे पुसून रस्ते, नाला, बाग, शाळेची जागा काढली जाते, आणि प्रत्येकाला आधीपेक्षा लहान पण रस्त्याला लागलेला चौकोनी प्लॉट परत मिळतो. जमीन कमी झाली तरी किंमत वाढते, आणि रस्त्याचा खर्च त्या वाढीतून वसूल करता येतो. कुणाची जमीन सगळीच जात नाही, सगळ्यांची थोडी थोडी जाते, त्यामुळे भांडणं कमी होतात, होतच नाहीत असं नाही. वेळ मात्र लागतो, वर्षं जातात, म्हणून प्लॉटिंग व्हायच्या आधी सुरुवात हवी.

तुमच्याकडे प्लॉट पडायला लागलेच आहेत तर ग्रामसभेत एवढे तीन ठराव आत्ता घ्या. नैसर्गिक ओढे-नाले नकाशावर आखून त्यावर बांधकामाला हरकत नोंदवायची, मुख्य रस्त्यांची रुंदी ठरवून रस्त्यापासून बांधकामाचं अंतर धरायला लावायचं, आणि आजूबाजूच्या गावांनी मिळून कचरा आणि मैला गाळाची एकच सोय करायची मागणी जिल्हा परिषद आणि नगररचना विभागाकडे लेखी द्यायची. यातला ओढ्यांचा नकाशा सगळ्यात आधी करा आणि तो करताना गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना सोबत घ्या, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं ते त्यांना तोंडपाठ असतं आणि एकदा भराव पडला की ते कुठल्याच सर्व्हेत सापडत नाही.